कार्बन सीटपोस्टवर क्लॅम्पच्या जागी आडवी रेघ; परत बसवू की काढून टाकू?

करावे_किनारा, सीवूड्स

मंडळी, नमस्कार. दिवाळीनंतर एक सेकंडहँड हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, २९ इंची चाकं, आणि आधीच्या मालकाने हौसेने लावलेला कार्बनचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. आठवड्यात दोन-तीनदा पाम बीच रोडला सकाळची चक्कर होते आणि रविवारी खारघरची टेकडी. वर पठारावर चाफेवाडी, फणसवाडीच्या बाजूला जे कच्चे रस्ते आहेत ना, तिथे माझा जीव रमतो. वजन ८४ किलो, उंची पाच फूट अकरा.

मार्चपासून सीट आपोआप खाली बसायला लागली. पोस्टवर इन्सुलेशन टेपची खूण करून बघितलं, एका राइडमध्ये पाच-सहा मिलिमीटर उतरते. खाली गेली की थांबायचं, वर ओढायची, ॲलन कीने आवळायची, आणि दर वेळी आधीपेक्षा थोडं जास्त. एप्रिलपासून बसून चढ चढताना करकर आवाज यायला लागला. आधी वाटलं बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या मधलं बेअरिंग) आहे, पण उभं राहून पेडल मारलं की आवाज बंद. म्हणजे सीटकडेच काहीतरी.

परवा पोस्ट पूर्ण बाहेर काढला. सरळ निघाला नाही, डावी-उजवीकडे पिळत काढावा लागला. फ्रेमच्या तोंडाशी पोस्ट आवळणारा क्लॅम्प येतो त्या जागी पोस्टभोवती बारीक आडवी रेघ आहे, जवळजवळ पाऊण फेरा. नख फिरवलं तर पुढच्या बाजूला काही लागत नाही, मागच्या बाजूला किंचित अडकतं. त्याच्या खाली उभे चरे भरपूर. आणि फ्रेमच्या नळीच्या आत, बोट घातलं की लागेल एवढ्या खोलीवर, पांढरी पूड. बोटांत चोळली तर खरखरीत लागते.

पोस्टवर कंपनीचं नाव नाही. चौकटीची वीण दिसते, ४०० हा आकडा आहे, मिनिमम इन्सर्टची रेघ (पोस्ट किमान एवढा आत हवा) आहे. बाकी लेबल खरवडून गेलंय. इन्सर्टची रेघ फ्रेमच्या आतच राहते, ते तपासलं.

बाबा तुर्भ्याला एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कोरडा बसवलाय म्हणून ही गत झाली. ग्रीस लाव." मी कुठेतरी वाचलं होतं की कार्बनला ग्रीस लावायचं नाही, पण का नाही ते मला त्यांना धड सांगता आलं नाही, आणि कारण न सांगता त्यांना नाही म्हणणं मला बरं वाटेना.

तर ही रेघ वरच्या लॅकरची आहे की आत तडा गेलाय, हे घरी कसं ओळखायचं? पांढरी पूड कसली? पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय आणि मला ही सायकल पावसातही चालवायची आहे. उतारावर सीट खाली घ्यायची सवय आहे, तेही सांगून ठेवतो.

कोलशेत_सिंगलट्रॅक, ठाणे

नख अडकतंय म्हणताय ना, मग चालवू नका. उतारावर सीटपोस्ट तुटला तर आपण कशावर बसणार याचा विचार करा.

माझं स्पष्ट मत, डोंगरात कार्बनचा पोस्ट नकोच. चांगला ॲल्युमिनियमचा घ्या, पन्नास-शंभर ग्रॅम वाढतील, वाढू देत. पाण्याच्या बाटलीत दोन घोट कमी घेतले की तेवढं वजन भरून निघतं.

येऊर_पहाटे, वर्तकनगर

हा पोस्ट परत बसवू नका, हे कोलशेतवाल्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे. पण कारणं सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला बाबांपुढे ठेवता येतील. तीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला कारण सांगितलं की पटतंच.

आधी रेघ. आपण सॅडलवर बसतो तेव्हा पोस्ट मागे वाकायला बघतो, आणि वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण नेमका तो फ्रेममधून बाहेर पडतो तिथे येतो. हा ताण घेणारे धागे पोस्टच्या लांबीने गेलेले असतात. उभा चरा त्या धाग्यांच्या सोबतीने जातो. आडवी रेघ त्यांना कापत जाते. म्हणून तुमचे ते खालचे उभे चरे, जे सीट वर-खाली करताना आत शिरलेल्या मातीने पडलेत, ते दहा असले तरी मला तेवढी काळजी वाटत नाही. आडवी एकच असली आणि ती क्लॅम्पच्या जागी असली, तर मी थांबते.

मागच्या बाजूलाच नख अडकतंय यालाही कारण आहे. पोस्ट मागे झुकला की नळीच्या मागच्या काठावर रेलतो. फ्रेमच्या नळीच्या तोंडाशी असलेली उभी खाच मागे असेल तर त्या खाचेचे दोन कोपरे तिथेच रुततात. वरून तुम्ही दर वेळी क्लॅम्प आणखी आवळत गेलात. एकाच जागी तिन्ही गोष्टी.

लॅकर की आत, हे बघायला मी काय करते ते सांगते. पोस्ट आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा. जुनी सुती साडी किंवा बनियनचा तुकडा घेऊन रेघेवरून हलक्या हाताने दोन्ही दिशांनी फिरवायचा. कुठे सुताचा धागा ओढला गेला तर तिथे कार्बनचे धागे उघडे पडलेत. मग पाच रुपयाचं नाणं घेऊन पोस्टच्या वरच्या धडधाकट भागापासून खालपर्यंत टकटक करत यायचं. उन्हाळ्यात माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, अगदी तसंच. धड भाग खणखणीत वाजतो, आतले थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. पोस्ट पोकळ आहे, त्यामुळे खालून टॉर्च मारून आतली बाजूही बघा. आत रेघ दिसली तर विषयच संपला. शेवटी रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून दाबायचं, जागा मऊ लागते का बघायचं.

या सगळ्यातून पोस्ट पास झाला तरी नख अडकतं म्हणून मी तो काढूनच टाकेन. नाण्याला थर सुटलेले कळतात, प्रत्येक बारीक तडा कळतोच असं नाही. ॲल्युमिनियम बऱ्याचदा आधी वाकून आपल्याला सावध करतं, कार्बन वाकून राहत नाही.

आता पांढरी पूड. ती बघून मला माझी स्वतःची सायकल आठवली.

कार्बन वीज वाहून नेतो. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले आणि मध्ये खारं पाणी आलं, की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. कार्बनला त्यात काही होत नाही. झिजलेल्या ॲल्युमिनियमचा जो ऑक्साइड होतो तीच ही पांढरी पूड, आणि ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. नळी आणि पोस्ट यांच्यातल्या केसभर फटीत ती फुगत गेली की पोस्ट असा धरून ठेवते की विचारू नका. तुमचं घर खाडीच्या काठावर, माझं ठाण्यात. दोघांच्याही हवेत मीठ आहे. वर घाम. पावसाळ्यात सायकल घरात ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावणाऱ्यांनी तर जास्त जपायला हवं, कारण तिथे घाम वाऱ्याने उडून जात नाही, थेंब थेंब खाली ठिबकतो.

२०१८ च्या जूनमध्ये मी माझ्या हार्डटेलला २७.२ मिलिमीटर व्यासाचा कार्बन पोस्ट बसवला. टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) बरोबर, उंची बरोबर, म्हणून निर्धास्त. पूर्ण पावसाळा येऊरला जात राहिले. उपवनच्या इथून चढायला लागलं की मागच्या चाकाचं पाणी सरळ सीटच्या खाली उडतं, आणि फ्रेमची खाच नेमकी मागे. ऑक्टोबरात सर्व्हिसिंगला काढायला गेले तर क्लॅम्प पूर्ण सुटा आणि पोस्ट हलेना. मी आणि माझा भाऊ, एकाने फ्रेम धरली, दुसऱ्याने सॅडल धरून पिळलं. सॅडलच वाकायला लागली.

मग सायकल उलटी केली. सीट ट्यूबवरचे बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू काढले आणि त्या भोकातून पेनिट्रेटिंग ऑइल सोडलं, म्हणजे ते नळीतून पोस्टच्या खालच्या टोकापर्यंत जाईल. रोज सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. शेजारचे काका हीट गन घेऊन आले होते, त्यांना मी हात जोडले. धातू अडकला असता तर ठीक होतं, पण कार्बनमधला इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो, मग पोस्टही गेला आणि कदाचित फ्रेमचा रंगही.

पाचव्या दिवशी कापायचं ठरवलं. फ्रेमच्या वर दोन इंच ठेवून पोस्ट आडवा कापला. मग हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला फडकं गुंडाळलं, ते पोकळीत उभं घातलं आणि आतून बाहेरच्या दिशेने खाच पाडायला लागले. तासाभरात पंधरा-वीस मिलिमीटर. कार्बन कापला जाताना पात्याला कोरडा, लाकडासारखा आवाज येतो. पातं ॲल्युमिनियमला लागलं की आवाज लगेच बदलतो, चिकट होतो, आणि तिथे हात थांबवायचा असतो. दोन संध्याकाळी गेल्या. तोंडाला मास्क, हातात मोजे, पात्यावर सतत ओलं फडकं, कारण ती काळी भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही, आणि कातडीत शिरलेलं कूस दोन दिवस खुपत राहतं. शेवटी खाच आरपार झाली, पक्कडीने पोस्टच्या कडा आत दुमडल्या आणि तो निघाला. बाहेरून पूर्ण पांढरा झाला होता, चुना फासल्यासारखा.

फ्रेम वाचली. अजून तीच चालवते.

त्यानंतर मी परत कार्बनचाच पोस्ट घेतला, आणि इथे कोलशेतवाल्यांशी माझा मतभेद आहे. कार्बन नीट जपला तर वाकण्याच्या लाखो फेऱ्या खातो, ॲल्युमिनियमसारखा थकत जात नाही. २७.२ चा लांब पोस्ट किंचित झुलतो, आणि माझ्या कमरेला येऊरच्या त्या खडबडीत पट्ट्यावर तो फरक कळतो. त्याचं वैर आहे ते चऱ्यांशी, चुकीच्या दाबाशी आणि विसरून जाण्याशी. मी आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पोस्ट काढते, एरवी दोन महिन्यांनी. पुसते, नळीत फडकं फिरवते, सायकल रात्रभर उलटी ठेवते, सकाळी नवीन पेस्ट लावून बसवते. वीस मिनिटांचं काम आहे.

बाबांचं ग्रीस: धातूत धातू बसवताना त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण ग्रीसने कार्बन घसरतो, घसरला की आपण जास्त आवळतो, आणि आवळल्याने चिरडतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळी कार्बन पेस्ट मिळते. मी फिनिश लाइनचं फायबर ग्रिप वापरते. जेलमध्ये बारीक कण असतात, बोटांत चोळलं तर ओल्या रेतीसारखे लागतात. ते कण पकड वाढवतात, त्यामुळे कमी टॉर्कवर काम भागतं, आणि मधली फट भरल्याने पाणीही कमी शिरतं. बाबांना एवढं सांगा की ग्रीस हवंच हा त्यांचा मुद्दा खरा आहे, फक्त इथे ते वेगळ्या जातीचं लागतं.

एक मला कळत नाहीये. तुमचा पोस्ट मुळात घसरायलाच का लागला? माप घेऊन बघाल का?

करावे_किनारा

ताई, काय लिहिलंय तुम्ही. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "बॅटरी होते" यावर ते लगेच मान डोलवायला लागले, म्हणाले पितळी नळाला लोखंडी सॉकेट लावलं की असंच होतं. उठले आणि कपाटातून त्यांचा जुना व्हर्निअर काढला, तेलाच्या कागदात गुंडाळलेला.

पोस्ट चार ठिकाणी मोजला. वर, खाली, दोन दिशांनी. सगळीकडे ३१.४. फ्रेमच्या कागदावर ३१.६ लिहिलंय.

बाबांनी दोनदा मोजून घेतलं. ०.२ मिलिमीटर लहान. म्हणाले, "एवढा लूज फिट असेल तर कितीही आवळ, तो बसणारच नाही."

सुती कापडाचा धागा मागच्या बाजूला अडकला. नाणं वाजवलं, रेघेच्या खाली साधारण बोटभर पट्टा बद्द वाजतोय, बाबांनाही तसंच ऐकू आलं.

घणसोली_सायकल_वर्कशॉप

आता सगळं जुळलं. ३१.४ हेही बाजारात चालणारं माप आहे, म्हणून दिसायला जवळचं दिसतं आणि लोक चालवून घेतात. ०.२ कमी म्हणजे क्लॅम्पला आधी नळी तेवढी आत ओढावी लागते, मग पकड सुरू होते. नळी सगळीकडून सारखी आत येत नाही, फक्त खाचेजवळचा वरचा काठ आत येतो. म्हणजे पूर्ण पोस्ट धरायच्या ऐवजी एका पातळ कड्याने धरलाय. त्याच कड्याची ती रेघ.

दादा, नवीन पोस्ट आणायच्या आधी फ्रेमकडे बघा. क्लॅम्पचे दोन कान एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर त्यापुढे तुम्ही जे आवळत होता ते सगळं बोल्टवर जात होतं, पोस्टवर नाही. तो बोल्ट बदला, ताणला गेला असणार. क्लॅम्प काढून नळीचा वरचा तोंडाकडचा भाग पुढे-मागे आणि आडवा मोजा, दोन्ही सारखे यायला हवेत. मग खाचेच्या कडांवरून बोट फिरवा. धार लागली तर ३२० चा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून ती मारून टाका. नळीत आधी खाली फडक्याचा बोळा घाला, नाहीतर कीस बॉटम ब्रॅकेटमध्ये जाईल.

क्लॅम्प लावताना त्याची स्वतःची फट फ्रेमच्या खाचेच्या उलट्या बाजूला फिरवा, फ्रेम कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर. म्हणजे दोन्ही कमकुवत जागा एकावर एक येत नाहीत.

दुसरं, नाव-गाव नसलेल्या कार्बन पोस्टबद्दल. वरची चौकटीची वीण ही बहुतेक वेळा दिखाव्याचा शेवटचा थर असतो. आतले थर कसे आणि किती घातलेत ते वीण बघून कळत नाही. सॅडल आणि सीटपोस्टच्या चाचण्या आयएसओ ४२१० या सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नवव्या भागात आहेत. पोस्टवर किंवा कागदावर कुठेतरी ४२१० असा उल्लेख, टॉर्कचा आकडा आणि रायडरच्या वजनाची मर्यादा छापलेली असेल तरच मी दुकानात गिऱ्हाइकाला तो बसवून देतो. ८४ किलो आणि खारघरचे दगड म्हणजे मर्यादा बघणं आलंच.

टॉर्क रेंच नसेल तर इकडे या, दोन मिनिटांचं काम आहे.

करावे_किनारा

कान टेकलेत. बोल्टवर ५ न्यूटन मीटर छापलंय आणि मी किती लावत होतो देव जाणे. टॉर्क रेंच घ्यायचाच आहे, पण तो येईपर्यंत घरी काही करता येईल का?

येऊर_पहाटे, वर्तकनगर

होय. लांब दांड्याची ॲलन की घ्या. बोल्टच्या मध्यापासून मोजून १० सेंटिमीटरवर मार्करने खूण करा. बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा असतो ना प्रवासाचा, त्याचा हुक त्या खुणेवर अडकवून दांड्याशी काटकोनात ओढा. काट्यावर ५ किलो आले की तिथे साधारण ४.९ न्यूटन मीटर झाले. करून बघा, ५ किलो हाताला किती कमी वाटतात ते. आपण मनगटाच्या सवयीने याच्या दुप्पट सहज लावतो.

तुम्ही उतारावर सीट खाली घेता म्हणालात, ते मी पहिल्यांदा लिहिताना नजरेआड केलं. मग मात्र कोलशेतवाल्यांचा सल्ला तुमच्यासाठी योग्य आहे. कार्बन पोस्ट एका उंचीला लावून ठेवायचा असतो. दर रविवारी मातीत वर-खाली करायचा नसतो, क्विक रिलीजवर (हाताने सुटणाऱ्या खटक्याच्या क्लॅम्पवर) तर नाहीच. आत्ता ३१.६ चा ॲल्युमिनियमचा घ्या, आणि पुढे जमेल तेव्हा ड्रॉपर, म्हणजे हँडलवरच्या खटक्याने वर-खाली होणारा पोस्ट. ड्रॉपरची नळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते आणि वर-खाली होणारा भाग फ्रेमच्या क्लॅम्पमधून जातच नाही.

आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट म्हणजे ग्रीस. बाबांना लावू द्या.

पावसाआधी एक करा. जुन्या ट्यूबचा चार-पाच इंच तुकडा कापून पोस्ट बसवायच्या आधी त्यावर चढवा, आणि नंतर खाली ओढून क्लॅम्प आणि खाच दोन्ही झाकून टाका. घोट्यावर मोजा चढवतो तसा. मागच्या चाकाचं पाणी खाचेतून आत जात नाही. माझ्या सायकलवर हे २०१९ पासून आहे, दर पावसाळ्याआधी तुकडा नवा लावते. तरीही पोस्ट महिन्यातून एकदा काढायचाच, कारण दमट हवेचं पाणी आतही धरतं. प्रेशरच्या पाण्याने सीटच्या खाली मारू नका, बादली-मगाने धुतलं तरी पुरेसं आहे.

कोलशेत_सिंगलट्रॅक, ठाणे

ताई, "थकत नाही" हा मुद्दा मी लक्षात ठेवतो. मी कार्बनला नाव ठेवलं ते एका मित्राच्या अनुभवावरून, आणि आता विचार करतोय तर त्यानेही आडवी रेघ असलेला पोस्ट महिनाभर चालवला होता. पोस्ट लांबीला कापूनही घेतला होता त्याने. कापला की मिनिमम इन्सर्टची छापील रेघ खरी राहत नाही, हे नवीन लोकांसाठी इथे लिहून ठेवतो.

करावे_किनारा

काम झालं. नळीचा काठ साफ केला, नवीन क्लॅम्प, नवीन बोल्ट, ३१.६ चा ॲल्युमिनियमचा पोस्ट. बाबांनी नळीच्या आतला पांढरा थर आधी प्लास्टिकच्या घासणीने काढला, मग रॉकेलच्या फडक्याने पुसला, मग ग्रीस. मी काट्याने ओढून ५ किलोवर थांबलो. काल खारघरला पूर्ण फेरी मारली, टेपची खूण जागची हलली नाही आणि करकर गेली.

जुना पोस्ट फेकायच्या आधी रेघेवरच कापून बघितला. गॅलरीत, मास्क लावून, पात्यावर पाणी सोडत. पुढची बाजू घट्ट, थर एकमेकांना चिकटलेले, काळा काचेसारखा काप. मागच्या बाजूला जिथे नाणं बद्द वाजत होतं तिथे थरांमध्ये फट आहे. एका जागी तर बोटाचं नख आत जातं, आणि आतल्या पोकळीकडून बघितलं तर लांबीच्या धाग्यांवर पांढुरकी सुरकुती आलीय, कागद घडी घालून उघडल्यावर येते तशी. बाहेरून फक्त केसाएवढी रेघ होती. बाबा तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग म्हणाले, "मागच्या रविवारी तू यावर बसून खाली आलास."

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

पांडवकडा_रायडर, खारघर

उशिरा आलोय, पण याच विषयाला धरून विचारतो. माझं उलटं आहे. फ्रेम कार्बनची, ड्रॉपर ॲल्युमिनियमचा. क्लॅम्प नीट आवळला की ड्रॉपर वर यायला अडखळतो, सैल केला की पोस्ट फिरतो. ग्रीस लावलंय.

येऊर_पहाटे, वर्तकनगर

ग्रीस पुसून टाका, दोन्हीकडून, अल्कोहोलने. दोघांपैकी एक जरी कार्बन असला तरी पेस्टच. ग्रीसमुळे तुम्हाला जास्त आवळावं लागतंय, त्याने ड्रॉपरची बाहेरची नळी दबते आणि आतली सरकताना अडते. पेस्ट लावून आधी ४ न्यूटन मीटरवर बघा. फिरला तर अर्ध्या-अर्ध्याने वाढवा, फ्रेमवर छापलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. पोस्ट बाहेर काढाल तेव्हा केबल आधी हँडलकडून ढिली करा, नाहीतर ती फ्रेमच्या आत ताणली जाते.